आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांचे अहवाल : किती मानावेत आणि कसे तपासावेत?

प्रश्न : रामबागवासी (इंदूर)

आमच्या रामबागेतल्या अभ्यासमंडळात दर महिन्याला एका विषयावर टिपण वाचले जाते. येत्या १० डिसेंबरला मानवाधिकार दिन असल्यामुळे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल, ह्यूमन राइट्स वॉच आणि तत्सम संघटनांचे कार्य व त्यांच्यावरील टीका हा विषय ठरला असून टिपणाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मंडळात मते आधीच दुभंगलेली आहेत. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींच्या मते या संघटना म्हणजे पाश्चात्त्य सरकारांनी परकीय पैशावर पोसलेली हत्यारे आहेत; उलट तरुण सभासद त्यांच्या अहवालातले प्रत्येक वाक्य न्यायालयीन निकालासारखे उद्धृत करतात. मला या दोन्ही भूमिका आळशीपणाच्या वाटतात, कारण दोन्हींत अहवाल वाचण्याचे कष्ट वाचतात.

माझा प्रश्न असा आहे की, या संघटनांवर जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकी कोणते खरोखर वजनदार आहेत आणि कोणते केवळ अहवाल नको असलेल्यांनी पुढे केलेले असतात, हे माझ्यासारख्या सामान्य वाचकाने कसे ओळखावे? ॲम्नेस्टीने २०२० साली भारतातले काम थांबवले, त्यामागचे प्रकरणही कोणी नीट समजावून सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ : निवृत्त अध्यापिका, स्नेहलतागंज

या संघटना मुळात का निर्माण झाल्या, तेथून आरंभ केलात तर टीकेची जागा आपोआप स्पष्ट होईल.

संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार आयोग १९४७ साली मानवाधिकारांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा तयार करीत होता, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्या वर्षी डिसेंबरात जिनिव्हाला अंमलबजावणीच्या प्रश्नावर जो कार्यगट नेमला गेला, त्याच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. हक्कांची यादी करून भागणार नाही, त्यांचा भंग झाल्यास दाद मागण्याची यंत्रणाही हवी, असा त्या गटाच्या कामाचा रोख होता. मोठ्या राष्ट्रांना तो मानवला नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला तो यंत्रणेवाचून. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, आयोगाने आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींबाबत कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे १९४७ सालीच ठरवून टाकले होते, आणि ही स्थिती जवळजवळ वीस वर्षे टिकली. जगभरातून पत्रे येत होती आणि ती फायलीत जात होती.

ॲम्नेस्टी जन्मली ती या पोकळीत. लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांचा विस्मृतीत गेलेल्या कैद्यांविषयीचा लेख २८ मे १९६१ रोजी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये आला आणि त्यातून पत्रे लिहिण्याची चळवळ उभी राहिली. सुरुवातीच्या काळात प्रत्येक स्थानिक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे, त्यांतला एक पाश्चात्त्य देशातला, एक साम्यवादी देशातला आणि एक तिसऱ्या जगातला, असा दंडक होता. शिवाय स्वतःच्या देशातले प्रकरण हाती घ्यायचे नाही, हाही नियम होता. पक्षपाताचा आक्षेप येणार हे संस्थापकांना पहिल्याच दिवशी ठाऊक होते, म्हणून त्याचे उत्तर त्यांनी भाषणांत न देता नियमांत दिले, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. केवळ मतांसाठी तुरुंगात गेलेल्या आणि हिंसेचा पुरस्कार न करणाऱ्या व्यक्तीलाच संघटनेच्या ‘सद्सद्विवेकाचे कैदी’ या खास यादीत स्थान असे. त्यामुळे सशस्त्र लढ्याचा मार्ग पत्करलेल्या नेल्सन मंडेला यांनाही १९६४नंतर ते मिळाले नाही. त्यांचा खटला व तुरुंगातली वागणूक यांविषयी संघटना बोलत राहिली, पण नियम वाकवला नाही. पुढे २०२१ साली रशियातील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांना जुन्या वक्तव्यांमुळे त्याच यादीतून फेब्रुवारीत वगळले आणि मे महिन्यात क्षमा मागून परत घेतले. नियम कडक असला तरी तो लावणारी माणसे बाहेरच्या दडपणाखाली डळमळतात, हे त्यातून दिसते.

ह्यूमन राइट्स वॉचची घडण निराळी आहे. १९७५च्या हेलसिंकी करारात सोव्हिएत गटाने मानवाधिकारांची जी वचने दिली होती ती पाळली जातात की नाही, हे पाहण्यासाठी १९७८ साली अमेरिकेत हेलसिंकी वॉच स्थापन झाली आणि मग एकेका खंडासाठी अशा समित्या वाढत जाऊन त्यांची एक संघटना झाली. तिला ॲम्नेस्टीसारखे लाखो सभासद नाहीत. पगारी संशोधक घटनास्थळी जातात, अहवाल लिहितात, वर्तमानपत्रांना देतात आणि त्याच्या आधारे वॉशिंग्टन, ब्रुसेल्स येथील सत्ताधाऱ्यांवर दबाव आणतात. साहजिकच सत्तेजवळ वावरणे हा या पद्धतीचाच भाग आहे. त्यामुळे अमेरिकी शासनातली माणसे तेथे येतात आणि तेथली शासनात जातात, हा जो आक्षेप अदोल्फो पेरेस एस्किव्हेल व मेरेड मॅग्वायर या शांतता नोबेल विजेत्यांसह अनेकांनी २०१४ साली घेतला, तो मला गंभीर वाटतो. सोव्हिएत प्रचारकांनीही एके काळी हाच आरोप केला होता, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

उत्तर २ : लोकमान्यनगरकर

बाईंनी इतिहास सुरेख मांडला, परंतु त्यांचा सूर मला जरा अधिक सहानुभूतीचा वाटला, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

इराकने कुवेत व्यापल्यावर ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या एका मानवाधिकार गटापुढे पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अशी साक्ष दिली की, इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेट्यांतून काढून जमिनीवर टाकले. डिसेंबरात ॲम्नेस्टीने आपल्या अहवालात या प्रकारे तीनशेहून अधिक बालके दगावल्याचे छापले. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही कथा युद्धाच्या समर्थनार्थ वारंवार सांगितली. कुवेत मुक्त झाल्यावर प्रत्यक्ष चौकशीत पुरावा सापडला नाही आणि १९९१च्या एप्रिलमध्ये ॲम्नेस्टीने ते विधान मागे घेतले. ती मुलगी अमेरिकेतील कुवेती राजदूतांची कन्या होती आणि तिच्या साक्षीची व्यवस्था एका जनसंपर्क कंपनीने केली होती, हे तर १९९२च्या जानेवारीत उघड झाले. तोवर युद्ध होऊन गेले होते. अशा वेळी विधान मागे घेण्याला कितीसा अर्थ उरतो?

निवडकपणाचा मुद्दाही आहेच. ह्यूमन राइट्स वॉचचे संस्थापक रॉबर्ट बर्नस्टाइन यांनीच २००९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहीर लेख लिहून आपल्या संघटनेवर टीका केली. मुक्त समाज आणि बंदिस्त समाज यांतला भेद विसरून संघटना इस्राएलवर नको तेवढे लक्ष केंद्रित करते, असे त्यांचे म्हणणे होते. हा टीकाकार बाहेरचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. जेथे संशोधकाला शिरकाव मिळतो, वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत आणि वकील उपलब्ध आहेत, तेथले अहवाल भरपूर निघतात. उत्तर कोरियासारख्या देशातून मात्र पळून आलेल्यांच्या मुलाखतींवरच भागवावे लागते. परिणामी अहवालांची संख्या पाहून देशांची तुलना करणारा वाचक हमखास फसतो. भारताबद्दलच्या अहवालांनाही हे लागू आहे, असे माझे मत आहे.

उत्तर ३ : वकील, तुकोगंज

लोकमान्यनगरकरांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र कुवेतच्या प्रकरणात एक दुवा त्यांच्याकडून राहिला. त्या कथेविषयी शंका घेणाऱ्यांत मिडल ईस्ट वॉचचा, म्हणजे ह्यूमन राइट्स वॉचच्याच एका शाखेचा, संशोधकही होता. दोन संघटनांनी एकमेकींचे दावे तपासणे हीच या क्षेत्रातली खरी उलटतपासणी होय. या संघटनांच्या हाती पोलीस नाहीत, समन्स काढण्याचा अधिकार नाही, दंड करण्याचा नाही. नोंद अचूक असणे हेच त्यांचे एकमेव भांडवल असते. म्हणून माझ्या लेखी आक्षेपांची उतरंड अशी लागते की, वस्तुस्थिती चुकली हा आक्षेप सर्वांत जड, पैसा कोणत्या अटीवर घेतला हा त्याच्या खालोखाल, आणि ‘अमक्याविषयी का बोलला नाहीत’ हा बहुधा सर्वांत हलका, कारण तो खरा असूनही समोरच्या अहवालातली एकही ओळ त्याने खोडली जात नाही. वकिलीत अशीलाने शेजाऱ्याच्या गुन्ह्याकडे बोट दाखवले म्हणून त्याचा स्वतःचा खटला रद्द होत नसतो.

पैशाबद्दल बोलताना देणगी परकीय आहे की स्वकीय, एवढेच विचारून थांबू नये. अमेरिकी धनाढ्य जॉर्ज सोरोस यांनी २०१० साली ह्यूमन राइट्स वॉचला दहा कोटी डॉलरची देणगी जाहीर केली, ती उघडपणे केली. तिच्यावर टीका करता येते, पण ती लपलेली नव्हती. त्याहून मला लक्षणीय वाटते ते २०१२ सालचे प्रकरण. एका सौदी उद्योगपतीकडून संघटनेने चार लाख सत्तर हजार डॉलर घेतले आणि ही रक्कम मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतील समलिंगींच्या हक्कांच्या कामासाठी वापरायची नाही, ही अट मान्य केली. शिवाय त्या उद्योगपतीच्या कंपनीतील कामगारांच्या तक्रारींची संघटनेने पूर्वी स्वतःच नोंद घेतली होती. २०२० साली हे बाहेर आल्यावर पैसे परत केले गेले. रक्कम लहान आहे, दोष मोठा आहे.

आता भारतातले प्रकरण. सप्टेंबर २०२० मध्ये ॲम्नेस्टी इंडियाची बँक खाती गोठवली गेली आणि तिने काम थांबवले. संघटनेच्या मते दिल्लीतील दंगल आणि जम्मू-काश्मीर यांवरील तिच्या अहवालांची ही शिक्षा होती. गृह मंत्रालयाचे म्हणणे असे की, परकीय देणगी नियमन कायद्याखाली या संघटनेला केवळ एकदा, डिसेंबर २००० मध्ये, परवानगी मिळाली होती, त्यानंतर वारंवार नाकारली गेली, आणि म्हणून ब्रिटनमधील ॲम्नेस्टीने तो पैसा थेट परकीय गुंतवणूक दाखवून भारतातल्या चार संस्थांकडे वळवला. हा कायदा मुळात आणीबाणीत, १९७६ साली झाला. त्याची जागा २०१०च्या कायद्याने घेतली आणि २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणून प्रत्येक संस्थेला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खाते उघडणे सक्तीचे केले. माझे वैयक्तिक मत विचाराल तर परवानगी नाकारण्याचे कारण न्यायालयात टिकेल इतके स्पष्ट असले पाहिजे, आणि परवानगी नसताना पर्यायी मार्गाने पैसा आणणाऱ्यानेही तपासाची तयारी ठेवली पाहिजे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात; वाहिन्यांवरच्या चर्चेत त्यांना एकत्र बसायला जागा मिळत नाही, एवढेच.

एक गोष्ट अभिमानाने नोंदवतो. हे काम आपल्याकडे परदेशातून आयात झालेले नाही. आणीबाणीच्या काळात जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्य संघटना उभी राहिली आणि सासवडचे सुपुत्र न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती वाढवली. कोठडीतील मृत्यूंविषयी ॲम्नेस्टीचा भारतावरचा मोठा अहवाल १९९२ साली आला, हे खरे. परंतु अटकेचे नियम घालून देणारा डी. के. बसू खटल्याचा १८ डिसेंबर १९९६चा निकाल ज्या पत्रावरून सुरू झाला, ते पश्चिम बंगालमधील एका विधी साहाय्य संस्थेने १९८६ सालीच सर्वोच्च न्यायालयाला लिहिले होते. आजही इंदूरच्या खंडपीठात आम्ही तोच निकाल पुढे करतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुमोदन अद्याप दिलेले नाही, हेही टिपणात असावे.

उत्तर ४ : धार-झाबुआ

वकीलसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहिते. मी बरीच वर्षे झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांत आरोग्याच्या कामात आहे. येथील आदिवासी कुटुंबे गुजरातेत गोध्रा परिसरातल्या गारेचे दगड दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला जात आणि फुप्फुसांत सिलिकाची धूळ साठून ऐन तारुण्यात मरत. गावात या रोगाला क्षयच समजले जाई. गावोगाव फिरून नाव, वय, कोणत्या कारखान्यात किती महिने काम केले, छातीचा एक्स-रे कोठे काढला, मृत्यूचा दाखला आहे की नाही, अशा याद्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केल्या. त्या याद्यांवरूनच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि गुजरात सरकारने ती रक्कम द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. मरणाऱ्याला या काळाचा काही उपयोग नव्हता. पण नोंद पक्की होती म्हणून ती दहा वर्षांनंतरही उभी राहिली.

मोठ्या संघटनांबद्दल माझा आक्षेप पैशाचा किंवा राजकारणाचा नाही. संशोधक येतो तेव्हा त्याला गावात नेणारा, भिली बोलीतून त्याला समजावून सांगणारा, कोणाची साक्ष भरवशाची आणि कोण ऐकीव सांगतो हे ओळखणारा माणूस स्थानिक असतो. अहवाल निघतो, पत्रकार परिषद होते, संशोधक पुढच्या देशात जातो आणि चौकीवर बोलावणे येते ते या माणसाला. सुरक्षिततेसाठी त्याचे नाव वगळतात, हे समजण्यासारखे आहे, परंतु अहवालाचा मसुदा त्याला वाचायलाही मिळत नाही, हे समजण्यासारखे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये युक्रेनी सैन्य वस्त्यांत तळ ठोकून नागरिकांना धोक्यात घालते, असे ॲम्नेस्टीने जाहीर केले तेव्हा तिच्या युक्रेन कार्यालयाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचे म्हणणे डावलले गेले ही त्यांची तक्रार होती. ती वाचताना मला झाबुआ आठवले.

तरीही एका कामाबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे, आणि ते आपल्या दारातलेच आहे. ॲम्नेस्टी प्रदीर्घ काळ कैदी, छळ आणि फाशी एवढ्यापुरतीच मर्यादित होती. २००१ साली डाकार येथील परिषदेत तिने आर्थिक व सामाजिक हक्कही आपल्या कक्षेत घेतले. त्यानंतर २००४ साली, भोपाळच्या वायुदुर्घटनेला वीस वर्षे होताना, तीवर तिचा अहवाल आला. त्यात पहिल्या काही दिवसांत सात हजारांहून अधिक आणि पुढच्या वर्षांत आणखी पंधरा हजार मृत्यू झाल्याचे म्हटले होते, तर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात मांडलेला आकडा ५,२९५ आहे. रामबागवासी, आपल्या मंडळात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. ५,२९५ हा नुकसानभरपाईच्या दाव्यांत मृत्यू म्हणून मान्य झालेल्या प्रकरणांचा आकडा आहे. ज्याच्याकडे कागद नव्हता किंवा जो पाच-सात वर्षे खोकत राहून मेला आणि ज्याचा मृत्यू वायूमुळे झाला असे कोणी लिहून दिले नाही, तो त्यात नाही. ॲम्नेस्टीचा आकडा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच वाचला पाहिजे. कोणी मोजले, कधीपर्यंत मोजले आणि कोणाला वगळले, हे विचारल्यावाचून कोणताही आकडा सभेत वापरू नये. कारखान्याची मालक कंपनी युनियन कार्बाइड हिच्याशी झालेल्या १९८९च्या ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर पुढे जो वाद झाला, त्याच्या मुळाशी मोजणीच आहे.

त्याच कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून इंदूरजवळच्या पिथमपूरला जाळण्यासाठी आणला गेला, तेव्हा तेथे लोक रस्त्यावर आले. इंदुरातही यशवंतसागर तलावाच्या पाण्याची चिंता बोलून दाखवली गेली. त्या दिवसांत भोपाळवर वर्षानुवर्षे निघालेल्या अहवालांतले तपशील लोक वाचत होते. परदेशी संघटनेच्या अहवालाचा उपयोग आपल्याला असाही होतो.

उत्तर ५ : लोकमान्यनगरकर

ताई, आपला मुद्दा पटतो, आणि आकड्यांविषयी आपण जे लिहिले त्यावर माझे काहीच म्हणणे नाही. पण मग मला असे विचारायचे आहे की, झाबुआचे काम आयोग आणि न्यायालय यांच्याकडून झाले असेल, तर बाहेरच्या संघटनांची गरज नेमकी किती? आपला आयोग त्यासाठीच तर १९९३ साली स्थापन झाला.

उत्तर ६ : वकील, तुकोगंज

आयोगाच्या मर्यादा कायद्यातच लिहिलेल्या आहेत. १९९३च्या अधिनियमातील कलम १९ प्रमाणे सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत आयोगाला स्वतः चौकशी करता येत नाही, केंद्र सरकारकडून अहवाल मागवावा लागतो. त्याच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. झाबुआच्या प्रकरणात २०१० ते २०१६ ही सहा वर्षे त्यामुळेच गेली. शिवाय तपासासाठी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आलेले पोलीस अधिकारी असतात आणि अनेक तक्रारी पोलिसांविरुद्धच असतात. राष्ट्रीय आयोगांच्या जागतिक महासंघाने २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्या आयोगाची पुनर्मान्यता पुढे ढकलली, त्यामागच्या कारणांत हे एक होते. तेव्हा बाहेरून पाहणारा कोणी असण्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि त्यालाही बाहेरून कोणीतरी तपासत राहावे, हे आपण वर दाखवलेच आहे.

उत्तर ७ : रामबागवासी

सर्वांचे आभार. कुवेतचे प्रकरण आणि भोपाळचे दोन आकडे, एवढ्यांवरच टिपण उभे करावे असे आता ठरवतो आहे. संघटनांचा सविस्तर इतिहास जोडपत्रात देईन. एकच शंका उरली. मंडळात कोणी असे विचारले की, इंदूरच्या साध्या नागरिकाला तक्रार करायची झाल्यास ती कोठे व कशी करावी, तर काय सांगू?

उत्तर ८ : वकील, तुकोगंज

राज्याचा मानवाधिकार आयोग १९९५पासून भोपाळला आहे आणि राष्ट्रीय आयोग दिल्लीला. एकच प्रकरण दोहोंकडे पाठवू नये, कारण एका आयोगापुढे ते आधीच असेल तर दुसरा त्यात हात घालत नाही. शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. घटना, दिनांक, ठिकाण, कोणत्या लोकसेवकाने काय केले वा काय करण्याचे टाळले आणि जवळ कोणते कागद आहेत, एवढे स्पष्ट लिहावे. घटनेला एक वर्ष उलटल्यास कलम ३६ आड येते, म्हणून विलंब करू नये. राष्ट्रीय आयोगाकडे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत तक्रार देता येते, त्यामुळे ती मराठीतही चालते. भोपाळला पाठवायची असल्यास मात्र हिंदीतच लिहावी, काम लवकर पुढे सरकते.